खोक्यावर न छापलेला आकडा

मॉनिटरच्या खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत जो आकडा छापतात, तो असतो हर्ट्झचा. ७५, १००, १४४, १६५, २४०. काही जण तो परीक्षेच्या टक्केवारीसारखा वाचतात, म्हणजे जितका जास्त तितका चांगला. ज्यांच्याकडे साधा संगणक आहे ते म्हणतात, आपल्याला एवढे कशाला, ७५ पुरे. माझ्या मते दोघेही चुकीच्या आकड्याकडे पाहत असतात.

आधी हा विषय माझ्याकडे कसा आला ते सांगतो. आमच्या एरोमॉडेलिंग क्लबमध्ये उड्डाणाच्या सरावासाठी एक संगणक आहे. त्यावर फ्लाइटगिअर हा मोफत मिळणारा सिम्युलेटर चालतो. जॉयस्टिक आणि रडर पेडल आहेत, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय म्हणजे जुने पण कामाचे आहे. मॉनिटर मात्र संगणक प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन आलेला, ६० हर्ट्झचा. या वर्षी नव्या मॉनिटरसाठी पंधरा हजार रुपये मंजूर झाले आणि कोणता घ्यावा यावर टिपण लिहिण्याचे काम मला मिळाले. अशी मंजुरी दर वर्षी मिळत नाही. पुढची कित्येक वर्षे पायलट व्हायचे स्वप्न घेऊन जे ज्युनिअर त्या खुर्चीत बसतील, त्यांना हाच पडदा मिळणार. मी १४४ हर्ट्झचा मॉनिटर सुचवला. टिपण वाचून प्रभारी सरांनी एकच प्रश्न विचारला, "संगणक साठ फ्रेमसुद्धा धड देत नाही, मग एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचे करायचे काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. सुट्टीत घरी मॉनिटर घ्यायचा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांनाही ते उपयोगी पडेल. गेमिंग मॉनिटर हे नाव ऐकूनच काही मोठी माणसे नाक मुरडतात. पण सिम्युलेटर असो वा क्रिकेटचा गेम, पडद्याचे शास्त्र दोन्हीकडे एकच.

संगणकात दोन वेगवेगळी घड्याळे चालू असतात. पहिले मॉनिटरचे. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने काढतो, म्हणजे दर १६.६७ मिलिसेकंदांनी एकदा. १४४ हर्ट्झचा दर ६.९४ मिलिसेकंदांनी. हे घड्याळ कधी चुकत नाही. दुसरे घड्याळ ग्राफिक्स कार्डाचे, आणि ते अजिबात नियमित नाही. मोकळ्या आकाशाचे चित्र काढायला कार्डाला १५ मिलिसेकंद लागतील, तर ढग, इमारती आणि धावपट्टीचे दिवे एकदम समोर आले की २५ लागतील.

आपल्याला हे समजायला परेड ग्राउंडपेक्षा चांगली जागा नाही. 'तेज चल'मध्ये मिनिटाला १२० कदम पडतात आणि ढोल त्याच तालात वाजतो. मॉनिटर म्हणजे तो ढोल आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे आपली तुकडी. तुकडी तालात आहे तोवर सगळे छान दिसते. पण समजा मैदानात चिखल आहे आणि काही कदम उशिरा पडत आहेत. ढोलवाल्याला त्याचे काही नाही, तो वाजवतच राहणार. आता काय करायचे?

एक मार्ग असा की ढोलाकडे लक्षच द्यायचे नाही. कार्डाचे चित्र तयार झाले की लगेच पाठवायचे, मग मॉनिटर तेव्हा काहीही करत असो. मॉनिटर चित्र वरून खाली, ओळीओळीने काढतो. तो अर्ध्यावर असताना नवे चित्र आले, तर वरचा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्याचा दिसतो. 'दाहिने मुड' झाल्यावर पुढच्या रांगा वळल्या आणि मागच्या अजून सरळच चालल्या आहेत, तसे काहीसे. याला टेअरिंग म्हणतात, म्हणजे चित्र फाटणे. विमान वळवताना क्षितिजाच्या रेषेला जी पायरी पडते ती हीच.

दुसरा मार्ग व्हीसिंकचा. चित्र तयार झाले तरी पुढचा ठोका पडेपर्यंत थांबायचे. फाटणे बंद होते, पण किंमत मोजावी लागते. समजा एका चित्राला २० मिलिसेकंद लागले. ६० हर्ट्झच्या मॉनिटरचा १६.६७ चा ठोका हुकला, पुढचा ठोका ३३.३३ ला. तयार चित्र १३ मिलिसेकंदांहून अधिक वेळ नुसते उभे राहिले. साध्या व्हीसिंकमध्ये कार्डही तोवर पुढचे चित्र सुरू करत नाही, त्यामुळे सेकंदाला ५० चित्रे काढू शकणारे कार्ड ३० वर येते. चित्र अडखळते, आणि जॉयस्टिक हलवल्यावर विमान उशिरा वळते.

तिसरा मार्ग म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक. ढोलवाल्यानेच तुकडीच्या पायांकडे पाहून ठोका द्यायचा. परेडमध्ये असे केले तर उस्ताद दोघांनाही मैदानाला फेऱ्या मारायला लावतील, पण पडद्यावर हे उत्तम चालते. चित्र २० मिलिसेकंदांनी आले तर मॉनिटर २० मिलिसेकंदांनी ताजा होतो, १७ ने आले तर १७ ने. चित्र फाटतही नाही आणि ताटकळतही नाही.

हे कसे जमते याचे मला फार नवल वाटले. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये एक किरण वरून खाली पडदा रंगवत जाई, आणि खाली पोहोचल्यावर त्याला परत वर जायला वेळ लागे. म्हणून दोन चित्रांच्या मध्ये थोडी विश्रांती ठेवलेली असे. एलसीडी पडद्यात किरण नाही, तरी संदेशाच्या रचनेत ती विश्रांती तशीच राहिली. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकने फक्त तीच ताणली. पुढचे चित्र येईपर्यंत विश्रांती चालू, आले की काढायला सुरुवात. एनव्हिडिया कंपनीने ऑक्टोबर २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केले. त्यासाठी मॉनिटरमध्ये तिचा वेगळा इलेक्ट्रॉनिक भाग बसवावा लागे आणि किंमत वाढे. एएमडीने जानेवारी २०१४ मध्ये फ्रीसिंक दाखवले आणि त्याच वर्षी मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकला डिस्प्लेपोर्ट १.२ए या मानकात जागा दिली. बरीच वर्षे कार्ड एका कंपनीचे आणि मॉनिटर दुसऱ्या पद्धतीचा असला की जमत नसे. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाने आपल्या १० मालिकेपासून पुढच्या कार्डांवर व्हेसाची पद्धत चालू केली. म्हणूनच आमच्या जुन्या कार्डालाही आज स्वस्त फ्रीसिंक मॉनिटर चालतो.

आता मुख्य मुद्दा. ढोलवाला पायांकडे पाहून ठोका देतो खरा, पण त्यालाही मर्यादा आहे. खोक्यावर मोठा छापतात तो वरचा आकडा. खालचा आकडा बहुधा माहितीपत्रकात कुठेतरी बारीक अक्षरांत असतो, अनेक मॉनिटरांत तो ४८ हर्ट्झ असतो. त्याखाली मॉनिटर चित्र धरून ठेवू शकत नाही. एलसीडीचा प्रत्येक बिंदू म्हणजे विद्युतभार साठवणारे इवलेसे भांडे, आणि ते हळूहळू गळते. फार वेळ नवे चित्र आले नाही तर उजेड बदलू लागतो. म्हणून ४८ ते ७५ अशी सीमा असलेल्या मॉनिटरवर ४१ फ्रेम आल्या की सिंक संपले. पुन्हा तेच फाटणे, नाही तर तेच अडखळणे.

यावर एक युक्ती आहे. फ्रेम ४० वर आल्या तर प्रत्येक चित्र दोनदा दाखवायचे. ४० दुणे ८०. मॉनिटर ८० हर्ट्झवर चालतो, त्याचे भांडे वेळेत भरते आणि डोळ्याला सलग ४० चित्रे मिळतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून हिला एलएफसी म्हणतात. ३० फ्रेम आल्या तर ३० दुणे ६०. २० आल्या तर तिप्पट करून ६०. पण त्यासाठी ८० हा आकडा मॉनिटरच्या सीमेत बसायला हवा. ४८ ते १४४ मध्ये बसतो, ४८ ते ७५ मध्ये बसत नाही. नियम सरळ आहे: वरचा आकडा खालच्याच्या किमान दुप्पट हवा. अडीच पट असेल तर अधिक निवांत, कारण दुपटीला अगदी चिकटून असलेल्या मॉनिटरला सीमेवर हालचालीला जागा उरत नाही. १४४ भागिले ४८ म्हणजे ३, म्हणून तो उत्तम. ७५ भागिले ४८ म्हणजे १.५६, म्हणून तो नापास.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. आमच्या संगणकाला १४४ फ्रेम कधीच जमणार नाहीत, हे खरे. १४४ हवे आहेत ते ४० सांभाळण्यासाठी. जोरकस संगणकवाल्याला वरच्या आकड्याची हौस असेल, पण गरज अशक्त संगणकालाच जास्त आहे. कारण सीमेच्या खाली वारंवार घसरणारा तोच.

हे नुसते कागदावरचे नाही. दोन आठवडे प्रेपनंतरच्या वेळात आम्ही फ्लाइटगिअरमध्ये फ्रेमचा आकडा चालू ठेवून नोंदी केल्या. व्हीसिंक बंद, तेच विमान, तेच हवामान. मोकळ्या रानावरून उडताना ६२ ते ७० फ्रेम. मुंबईच्या धावपट्टी २७ वर उतरायला वळलो की इमारती, ढग आणि दिवे एकत्र येतात आणि आकडा ३८ ते ४६ वर येतो. म्हणजे फ्रेम नेमक्या उतरतानाच पडतात. आणि उतरताना शेवटच्या काही फुटांत विमानाचे नाक हळूच उचलायचे असते, त्याला फ्लेअर म्हणतात. तेव्हा उपकरणांपेक्षा धावपट्टीच्या कडा किती वेगाने पसरत आहेत यावरच डोळ्याने अंदाज घेतात. त्या क्षणी चित्र अडखळले की नाक लवकर तरी उचलले जाते, नाही तर उशिरा. सातवीतला एक मुलगा आठवडाभर प्रत्येक वेळी विमान आपटत होता आणि आपल्याला हे जमणारच नाही असे म्हणून यायचा बंद झाला होता. ढग बंद करून फ्रेम वाढवल्यावर त्याच मुलाने चारपैकी तीनदा व्यवस्थित उतरवले. म्हणून ७५ हर्ट्झच्या मॉनिटरचा हिशेब मला पटत नाही. तो रानावर सिंक देतो आणि धावपट्टीवर काढून घेतो.

१४४ चा आणखी एक फायदा आहे, आणि तो सिंक नसतानाही मिळतो. ठोके जवळजवळ असले की वाट कमी पाहावी लागते. मघाचेच २० मिलिसेकंदांचे चित्र घ्या. १४४ हर्ट्झवर तिसरा ठोका २०.८३ ला पडतो, म्हणजे एक मिलिसेकंदही थांबावे लागले नाही. दर वेळी नशीब इतके साथ देणार नाही, पण जास्तीत जास्त वाट ६.९४ मिलिसेकंदांची. ६० वर ती १६.६७ पर्यंत जाते. सिनेमा पाहणाऱ्यांसाठी एक गंमत: चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचे असतात. १४४ ला २४ ने नि:शेष भाग जातो, ६० ला जात नाही. त्यामुळे ६० वर एक चित्र दोनदा तर पुढचे तीनदा दाखवावे लागते आणि कॅमेरा फिरताना दृश्य किंचित लंगडते.

आमच्यासमोर शेवटी तीन मॉनिटर उरले. पहिला २७ इंची, ७५ हर्ट्झचा. सर्वांत स्वस्त आणि पाहणाऱ्यांत सर्वांत लोकप्रिय, कारण मोठा. पण सीमा ४८ ते ७५, आणि मागे एचडीएमआय व व्हीजीए एवढीच छिद्रे. ही छिद्रांची गोष्ट फार जण पाहत नाहीत. फ्रीसिंक एचडीएमआयवरून चालवण्याची एएमडीची स्वतःची पद्धत आहे, पण आमच्यासारख्या १० मालिकेतील एनव्हिडिया कार्डाला सिंकसाठी डिस्प्लेपोर्टच लागतो. म्हणजे खोक्यावर फ्रीसिंक लिहिलेले असूनही आमच्या संगणकावर त्याचा काही उपयोग नव्हता. शिवाय २७ इंचांवर १९२० बाय १०८० बिंदू पसरले की इंचाला जेमतेम ८२ येतात, २४ इंचांवर ९२. लांबून उपकरणांवरचे आकडे वाचताना फरक कळतो. २७ इंचांवर २५६० बाय १४४० घ्यावे, तर कार्डाला पावणेदोन पटींहून जास्त बिंदू रंगवावे लागतात. आमच्या कार्डाचा तिथेच दम निघाला असता.

दुसरा आणि तिसरा दोन्ही २४ इंची, १०८० चे, डिस्प्लेपोर्ट असलेले. एक १६५ हर्ट्झचा, व्हीए पॅनलचा आणि वक्र; दुसरा १४४ हर्ट्झचा, आयपीएस पॅनलचा. आकडा पाहिला तर १६५ जिंकतो. आम्ही १४४ घेतला. व्हीए पॅनलचा काळा रंग खरोखर काळा दिसतो, रात्रीच्या उड्डाणाला तो मोह होतोच. पण अनेक व्हीए पॅनलांत काळ्यावरून करड्यावर यायला बिंदूंना वेळ लागतो, आणि अंधारात धावपट्टीचे दिवे सरकताना मागे शेपूट सोडतात. सिंक चालू असताना अंधाऱ्या दृश्यात उजेड थरथरण्याची तक्रारही व्हीएबाबत जास्त ऐकू येते. शिवाय आमच्याकडे एक जण उडवतो आणि चार जण खुर्चीच्या दोन्ही बाजूंना उभे राहून शिकवतात, न विचारता. आयपीएसचे रंग बाजूने पाहिले तरी टिकतात. घरी एकट्याने, अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहणाऱ्याने व्हीए जरूर घ्यावा.

'१ एमएस' या पाटीबद्दल मला थोडा राग आहे. तो कधी एक रंग बदलून दुसरा व्हायला लागणारा वेळ असतो, तर कधी पडद्यामागचा दिवा वेगाने उघडझाप करून मिळवलेला आकडा असतो. दुसऱ्या प्रकाराला एमपीआरटी म्हणतात, आणि ती दिव्याची उघडझाप बहुतेक मॉनिटरांत सिंकबरोबर चालतच नाही. म्हणजे खोक्यावर दोन्ही गुण छापलेले, पण एका वेळी एकच मिळणार. बिंदूंना घाई करायला लावणारी ओव्हरड्राइव्ह ही सोय मॉनिटरच्या मेन्यूत असते. ती सर्वांत वरच्या पायरीवर ठेवली तर १४४ वर ठीक दिसेल, पण ४५ फ्रेमवर वस्तूंभोवती उजळ कडा उमटतात. कमी फ्रेमवाल्याने मधली पायरी ठेवावी. स्वस्त मॉनिटरवरच्या एचडीआर या पाटीसाठी मी एक रुपयाही जास्त देणार नाही.

खालचा आकडा शोधायचा कुठे? निर्मात्याच्या पूर्ण माहितीपत्रकात, किंवा एएमडीने फ्रीसिंक मॉनिटरांची यादी ठेवली आहे तिच्यात. तिथे सीमा दोन्ही बाजूंनी दिलेली असते. नुसते फ्रीसिंक लिहिले असेल तर एलएफसी असेलच असे नाही. फ्रीसिंक प्रीमियम असेल तर ती असते, कारण त्या पाटीची ती अटच आहे. दुकानदाराला विचारून उपयोग होत नाही, हे मी तीन दुकानांत फोन करून पाहिले. तिघांनीही मला वरचाच आकडा सांगितला.

मॉनिटर घरी आणून जोडला म्हणजे काम झाले असेही नाही. विंडोज अनेकदा नवा मॉनिटर ६० हर्ट्झवरच चालवते, डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडावे लागते. पुष्कळ मॉनिटरांत फ्रीसिंक बंद करून पाठवलेले असते, ते त्यांच्या मेन्यूत चालू करायचे. एनव्हिडिया कार्ड असेल तर तिच्या कंट्रोल पॅनलमध्ये जी-सिंक चालू करायचे, कारण एनव्हिडियाने स्वतः तपासलेल्या यादीत नसलेल्या मॉनिटरवर ते आपोआप होत नाही. हलके गेम खेळणाऱ्यांनी फ्रेमची कमाल मर्यादा १४१ ठेवावी. १४४ ला टेकले की सिंक सुटते आणि पुन्हा ठोक्याची वाट पाहणे सुरू होते.

शेवटी तपासणी. काही मॉनिटरांच्या मेन्यूत त्या क्षणाचा हर्ट्झचा आकडा दाखवण्याची सोय असते. ती चालू करून फ्लाइटगिअर किंवा कुठलाही जड गेम लावा. आकडा १४४ वर खिळून राहिला तर सिंक चालू नाही. फ्रेमबरोबर ६८, ६३, ५५ असा हलत गेला तर चालू आहे. मग ढग वाढवा, गर्दीच्या विमानतळाकडे वळा आणि फ्रेम ४१ वर येऊ द्या. मॉनिटरवर ८२ दिसले की एलएफसी काम करत आहे. ही तपासणी परत करण्याची मुदत संपण्याआधी करावी.